भट्टीचा हिशेब विंडोज, लिनक्स आणि मॅकवर: चार्ज लायब्ररीच्या प्रकल्प नोंदी

7 जानेवारी 2025, मंगळवार

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं (ओतकामाच्या कारखान्याचं) काम आजपासून हातात घेतलं. ग्रे आयर्नचं कास्टिंग, 500 किलोची इंडक्शन भट्टी. चार्जचा (भट्टीत टाकायच्या मालाचा) हिशेब मेल्टिंगच्या मास्तरांनी स्वतः एक्सेलमध्ये बसवलेला आहे. स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट आला की कार्बन, सिलिकॉन, फॉस्फरसचे आकडे हातानं टाकायचे, कार्बन इक्विव्हॅलंट (तिन्ही मिळून निघणारा एक आकडा) बघायचं आणि सिलिकॉन वाढवायला फेरो सिलिकॉन किती, कार्बन वाढवायला कार्ब्युरायझर किती ते काढायचं. शीट मी दोन तास बसून बघितली. हिशेबात कुठंही खोट नाही. बरीच वर्षं रोज वापरून घासून-पुसून नीट केलेली शीट आहे.

आता तोच हिशेब तीन ठिकाणी हवा आहे. ऑफिसातल्या विंडोज पीसीवर एक्सेलमध्येच, कारण मास्तरांचा हात तिथं बसलाय. भट्टीच्या पॅनेलशेजारी स्क्रीन लावलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स संगणकावर, म्हणजे पाळीतल्या पोराला ऑफिसकडे पळावं लागणार नाही. आणि मालकांच्या मुलाच्या मॅकबुकवर, तो खर्चाचा अंदाज काढतो.

एकच गणित तीन ठिकाणी तीनदा लिहिलं की काही महिन्यांत तीन उत्तरं यायला लागतात, हे मी आधीच्या एका कामात बघितलंय. म्हणून गणित सी++ मध्ये एकदाच लिहायचं, बाहेर फक्त साधी सी फंक्शन्स दाखवायची, आणि त्याची शेअर्ड लायब्ररी (बाकीचे प्रोग्रॅम वापरू शकतील अशी फाइल) करायची. विंडोजवर डीएलएल, लिनक्सवर एसओ, मॅकवर डायलिब. बांधणी, म्हणजे कोडपासून चालणारी फाइल करणं, सीमेक या साधनानं.

कसोटीला एकच हीट (एका वेळी वितळवलेला माल) धरली. 500 किलो धातू, सिलिकॉन 1.80 आहे, 2.10 हवा. म्हणजे 1.5 किलो सिलिकॉन कमी पडतोय. 75 टक्क्यांचं फेरो सिलिकॉन म्हटलं की 2 किलो, आणि 90 टक्के रिकव्हरी (टाकलेल्यातलं धातूत उतरणारं) धरली की 2.22 किलो. कार्बन 3.35 आणि फॉस्फरस 0.06 असेल तर कार्बन इक्विव्हॅलंट 3.35 अधिक 2.16 भागिले 3, म्हणजे 4.07. तिन्ही यंत्रांवर 2.22 आणि 4.07 दिसलं पाहिजे. दिसेपर्यंत काम संपलं म्हणायचं नाही.

8 जानेवारी

सीमेकची फाइल लिहिली, माझ्या उबुंटू 22.04 (लिनक्स) च्या लॅपटॉपवर लायब्ररी बांधली गेली, पायथन भाषेतून हाक मारली (फंक्शन चालवून बघितलं), 2.22 आलं. आपल्याच यंत्रावर चालणं ही फक्त सुरुवात.

9 जानेवारी, गुरुवार

विंडोजवर पहिली बांधणी. व्हिज्युअल स्टुडिओच्या कंपायलरनं डीएलएल तयार केली, पण चाचणीचा प्रोग्रॅम जोडताना लिंकरनं (भाग जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं) सरळ सांगितलं की लायब्ररीची लिब फाइलच सापडत नाही. बरोबरच आहे. लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर काही सांगितलं नाही तर लायब्ररीतलं प्रत्येक फंक्शन बाहेर उघडं ठेवतो. विंडोजवर उलटं आहे, सांगितल्याशिवाय काहीच बाहेर येत नाही. आणि डीएलएलमधून एकही नाव बाहेर येत नसेल, तर जोडणीसाठी लागणारी इम्पोर्ट लिब तयारच होत नाही.

सीमेकमध्ये एक सोपी वाट आहे. एक पर्याय चालू केला की विंडोजवरही सगळंच आपोआप उघडं होतं. पाच मिनिटांत काम झालं असतं. मी ती वाट घेतली नाही. आतली मदतनीस फंक्शन्स उद्या कोणी बाहेरून वापरायला लागलं तर ती मला कधीच बदलता येणार नाहीत. म्हणून उलट केलं: लिनक्स आणि मॅकवरही सगळं झाकून टाकलं, आणि जी सहा फंक्शन्स खरोखर बाहेर हवीत तेवढ्यांवरच निर्यातीची खूण केली. ही खूण विंडोजवर वेगळी आणि लिनक्स-मॅकवर वेगळी लिहावी लागते. ती लिहिणारी हेडर फाइल सीमेक स्वतः तयार करून देतं, त्यामुळे माझ्या सोर्समध्ये एकच शब्द राहिला.

नंतर लिनक्सच्या फाइलवर एनएम हे नावं दाखवणारं साधन चालवून बघितलं. आधी पडदाभर नावं यायची, त्यातली निम्मी सी++ ची लांबलचक. आता आमची सहा नावं स्वच्छ दिसतात.

11 जानेवारी, शनिवार

शिरोलीला गेलो. ऑफिसचा पीसी विंडोज 10, एक्सेल 2010, तेही 32 बिटांचं. मी नेलेली डीएलएल 64 बिटांची. 32 बिटांच्या एक्सेलमध्ये 64 बिटांची डीएलएल चढत नाही, त्यात काही मधला मार्ग नाही.

एक्सेल नवं घ्या, असं सांगणं सोपं होतं. मास्तर म्हणाले, “सायेब, ह्या फाइलीत माझी सगळी मॅक्रो हाईत. नव्यात एक जरी बिघडलं तर भट्टी थांबायची न्हाई, पण माझा हिशेब थांबल.” त्यांचं खरं आहे. भट्टी तापलेली असताना हिशेबाला दहा मिनिटं उशीर झाला की त्या दहा मिनिटांची वीज जाते आणि धातूतला कार्बनही जळत राहतो. यंत्र त्यांचं आहे, माप त्यांच्या यंत्राचं घ्यायचं.

तिथंच लॅपटॉपवर परत बांधणी केली. सीमेकला ‘-ए विन32’ हा पर्याय द्यायचा. अलीकडच्या व्हिज्युअल स्टुडिओत काही दिलं नाही तर ते 64 बिटच धरतं. 32 बिटांची डीएलएल तयार झाली, पीसीवर टाकली, मॅक्रो चालवला.

रनटाइम एरर 53, फाइल सापडत नाही.

फाइल डोळ्यांसमोर होती. फोल्डर उघडून मास्तरांना दाखवली. नाव तपासलं, मार्ग तपासला, फाइल सी ड्राइव्हवर नेऊन ठेवली, तरी तेच. अर्धा तास त्यात गेला. शेवटी माझ्या लॅपटॉपवर डंपबिन चालवून ही डीएलएल स्वतः कोणाकोणावर अवलंबून आहे ते काढलं. यादीत व्हीसीरनटाइम140 (मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरची रनटाइम फाइल) होती. ती ऑफिसच्या पीसीवर नव्हती. एक्सेल जी फाइल सापडत नाही म्हणत होतं ती माझी डीएलएल नव्हतीच, माझ्या डीएलएलला लागणारी होती. पण संदेशात नाव मात्र माझ्याच डीएलएलचं येतं. हे कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून ठळक लिहून ठेवतोय: एरर 53 आला आणि फाइल जागेवर असेल, तर आधी तिच्या पाठीमागच्या फाइली तपासा.

मायक्रोसॉफ्टचं रनटाइम पॅकेज तिथं बसवता आलं असतं. पण उद्या पीसी बदलला, कोणी विंडोज परत टाकलं, की हाच एरर परत येणार आणि तेव्हा मी तिथं नसणार. रनटाइम डीएलएलच्या पोटातच भरायचं ठरवलं.

14 जानेवारी, संक्रांत

रनटाइम पोटात भरण्यासाठी सीमेकमध्ये एक व्हेरिएबल आहे, ते कालच लावलं होतं. आज बघतो तर डीएलएल अजूनही व्हीसीरनटाइम मागतेच आहे. एरर नाही, सूचना नाही. कारण सापडलं: माझ्या फाइलीच्या पहिल्या ओळीत किमान आवृत्ती 3.10 लिहिलेली होती. हे व्हेरिएबल 3.15 पासूनचं. सीमेक नवं असलं तरी किमान आवृत्ती जुनी लिहिली की ते जुन्या नियमांनीच वागतं आणि नव्या व्हेरिएबलकडे बघतही नाही. पहिली ओळ 3.19 केली. डीएलएल आता फक्त विंडोजच्या मूळ फाइलींवर उभी आहे.

याचा एक परिणाम लक्षात ठेवायचा. रनटाइम पोटात असलं की लायब्ररीची मेमरीची व्यवस्था वेगळी आणि हाक मारणाऱ्याची वेगळी. लायब्ररीनं घेतलेली मेमरी बाहेरच्यानं सोडली तर प्रोग्रॅम पडू शकतो. म्हणून नियम केला की लायब्ररी कुणालाही स्वतःची मेमरी देणार नाही. जागा हाक मारणाऱ्यानं आणायची, लायब्ररी ती भरून देईल.

संध्याकाळी तिळगूळ वाटायला बाहेर पडलो, काम बंद.

16 जानेवारी, गुरुवार

परत शिरोली. आता डीएलएल सापडते, पण फंक्शन सापडत नाही: एरर 453. 32 बिटांवर व्हीबीएला (एक्सेलच्या मॅक्रोंच्या भाषेला) स्टँडर्ड कॉल ही हाक मारायची पद्धत लागते, आणि तशी हाक ठेवली की कंपायलर फंक्शनच्या नावापुढे खालची रेघ आणि मागे ॲट लावून बाइटांचा आकडा चिकटवतो. चार्ज_फेरो या नावानं शोधायला गेलं तर तसं नाव डीएलएलमध्ये नसतंच. डेफ फाइल (बाहेर दाखवायच्या नावांची यादी) लिहून सहा नावं साधी केली आणि ती फाइल सीमेकमध्ये सोर्सच्याच यादीत टाकली. 64 बिटांवर ही भानगड नाही.

फंक्शन सापडलं, उत्तर आलं, आणि ते उत्तर कचरा होतं. अठरा-वीस अंकी संख्या.

आजचा खरा दिवस इथं गेला. मी हीटची माहिती एका स्ट्रक्चरमधून पाठवत होतो: आधी हीट नंबर, मग सगळे टक्के. हीट नंबर लाँग (पूर्णांक), टक्के डबल (दशांश संख्या). सीच्या कंपायलरनं हीट नंबरला चार बाइट दिले, मग चार बाइट रिकामे सोडले आणि पहिला डबल आठव्या बाइटवर ठेवला, कारण त्याला डबल आठाच्या पटीत हवा असतो. व्हीबीए रचना चार-चारच्या पटीत लावतं, त्यानं पहिला डबल चौथ्या बाइटवरच ठेवला. एक जण आठव्या बाइटवरून वाचतोय, दुसऱ्यानं चौथ्यावर लिहिलंय. अर्धा कार्बन आणि अर्धा सिलिकॉन जोडून एक आकडा वाचला गेला तर तो कचराच असणार.

चारच्या पटीत बांध, असं कंपायलरला एका ओळीत सांगता येतं. पण मग दुसरी गोष्ट आठवली. लाँग हा प्रकार विंडोजवर 64 बिटांतही चार बाइटांचा असतो, आणि 64 बिटांच्या लिनक्स व मॅकवर आठ बाइटांचा. म्हणजे चारच्या पटीत बांधलेल्या एकाच स्ट्रक्चरचे विंडोजवर एक आणि लिनक्स-मॅकवर दुसरा, असे दोन आकार. एकीकडे ठिगळ लावलं की दुसरीकडे फाटणार.

स्ट्रक्चर काढूनच टाकलं. आता दारातून फक्त दोनच गोष्टी जातात: डबलची सरळ रांग, आणि नेमक्या 32 बिटांचा पूर्णांक. कुठली रांगेतली जागा कशाची ते हेडरमध्ये लिहिलंय. दिसायला थोडं गावठी वाटतं, पण डबल तिन्ही यंत्रांवर आठ बाइटांचाच आहे आणि 32 बिटांचा पूर्णांक चार बाइटांचाच. लायब्ररीच्या आत मी वाटेल तेवढं सी++ वापरीन, वर्ग, व्हेक्टर, काहीही. दारात मात्र एवढंच. बांधणीच्या पर्यायांवर मी आठवडा घालवला, पण निम्म्या चुका या दारातच होत्या असं आज वाटतं.

मास्तरांच्या शीटवर 2.22 आलं. त्यांनी खिशातला कॅल्क्युलेटर काढला, स्वतः एकदा करून बघितलं आणि मान हलवली.

18 जानेवारी, शनिवार

स्पेक्ट्रोच्या सॉफ्टवेअरमधून प्रत्येक सँपलची टेक्स्ट फाइल निघते. ती लायब्ररीनं थेट वाचावी, म्हणजे हातानं आकडे टाकताना होणाऱ्या चुका जातील, अशी मास्तरांची मागणी. वाजवी मागणी आहे. माझ्याकडे वाचणारं जुनं फंक्शन होतं, तेच जोडलं.

माझ्याकडे चाललं, तिथं नाही. फाइल उघडतच नाही. कारण फोल्डरच्या नावात होतं: डी ड्राइव्हवर ‘भट्टी हिशेब’. माझ्या चाचणीच्या फोल्डरांची नावं सगळी रोमन अक्षरांत.

व्हीबीए बाहेरच्या फंक्शनला अक्षरं देताना ती विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये (अक्षरांच्या तक्त्यात) बदलून देतं. देवनागरीला त्या कोडपेजमध्ये जागाच नाही, प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. लायब्ररीच्या हातात मार्ग येतो तोच प्रश्नचिन्हांचा.

फोल्डरचं नाव बदला म्हणणं मला पटत नाही. मराठी माणसानं आपल्या कामाच्या फोल्डरला मराठी नाव दिलं तर सॉफ्टवेअरनं ते वाचलं पाहिजे. तोडगा असा: व्हीबीएमधून अक्षरांऐवजी त्या अक्षरांचा मेमरीतला पत्ता पाठवायचा. व्हीबीए आतून युटीएफ 16 ही सगळ्या लिप्या मावणारी पद्धत वापरतं, त्यामुळे पत्त्यावर देवनागरी जशीच्या तशी मिळते. डीएलएलमध्ये विंडोजपुरतं एक वेगळं फंक्शन, सोळा बिटांची अक्षरं घेणारं. लिनक्स आणि मॅकवर युटीएफ 8. आत दोन्हींचा एकच फाइलसिस्टीम मार्ग होतो.

डीएलएल शोधतानाही हाच प्रश्न होता. एक्सेल ज्या फोल्डरात शीट आहे तिथं डीएलएल आपणहून बघत नाही. विंडोजमध्ये लिनक्ससारखा, लायब्ररीच्या शेजारीच बघ असं फाइलीत लिहून ठेवायचा मार्ग नाही. म्हणून शीट उघडताक्षणी पूर्ण मार्ग देऊन डीएलएल एकदा चढवून घ्यायची, तीही सोळा बिटांच्या अक्षरांच्या फंक्शननं. एकदा चढली की पुढच्या हाका बरोबर जातात.

जाता जाता कंपायलरला सोर्स युटीएफ 8 धरायचा पर्यायही दिला, कारण कोडमधल्या माझ्या टिपा मराठीत आहेत.

21 जानेवारी, मंगळवार

आता भट्टीजवळचा पाय. त्यावर डेबियन 11 (लिनक्सचा एक प्रकार) वरची 64 बिटांची यंत्रणा आहे. लॅपटॉपवरच आर्म (पायचा प्रोसेसर) साठीचा कंपायलर टाकून टूलचेन फाइल लिहिली: लक्ष्य यंत्रणा लिनक्स, प्रोसेसर आर्म 64, कंपायलर हा, आणि लायब्ऱ्या व हेडर फक्त लक्ष्याच्या मुळातूनच शोध, माझ्या लॅपटॉपच्या घेऊ नकोस. शेवटची सूचना विसरली की सीमेक इंटेलची लायब्ररी उचलतं आणि लिंकर बिथरतो.

आण्णांना हे सांगत होतो. त्यांचा उद्यमनगरात पॅटर्नचा (साच्यासाठीच्या नमुन्यांचा) धंदा होता, हातानं लाकडी पॅटर्न केलेत त्यांनी. ते म्हणाले, “ड्रॉइंग एकच असतंय, पण बिडाचं कास्टिंग असलं तर पट्टी येगळी आणि स्टीलचं असलं तर येगळी.” बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, स्टील दोन टक्क्यांच्या आसपास. तेवढी वाढ धरूनच पॅटर्नवाल्याच्या पट्टीवरच्या रेघा मारलेल्या असतात. ड्रॉइंगला कुणी हात लावत नाही. टूलचेन फाइल म्हणजे तीच पट्टी. यापुढे कुणाला शिकवायचं झालं तर असंच सांगेन.

फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या, तिथं पहिला खोळंबा. लिनक्सवर लायब्ररीच्या तीन नावांपैकी एकच खरी फाइल असते, बाकीची दोन नुसती बोट दाखवणारी. पेनड्राइव्ह फॅट32, त्यावर अशी बोट दाखवणारी नावं राहतच नाहीत. टार करून नेलं.

तिथं पायवर चालवलं तर म्हणतो, जीएलआयबीसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) 2.34 सापडलं नाही. माझ्या उबुंटूची सी लायब्ररी 2.35, डेबियन 11 ची 2.31. नवीन यंत्रावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही, जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं. धागे (एकाच वेळी चालणारी कामं) चालवणारी फंक्शन्स 2.34 मध्ये मूळ लायब्ररीत सरकवली गेली, आणि माझी लायब्ररी स्पेक्ट्रोच्या फोल्डरवर नजर ठेवायला एक धागा वापरते. त्यामुळे नेमकी तीच खूण मागितली गेली.

पायवरची यंत्रणा बदलायची नाही. घरी येऊन डेबियन 11 चा कंटेनर (लॅपटॉपच्या आतली वेगळी यंत्रणा) उभा केला, त्यातच आर्मचा कंपायलर टाकला, आणि यापुढे लिनक्सच्या सगळ्या बांधण्या तिथंच. ऑबजडंपनं खात्री केली: मागितलेली सगळ्यात वरची खूण आता 2.31 च्या आतच आहे.

23 जानेवारी, गुरुवार

लायब्ररी चढली. फेरोचं गणित बरोबर आलं. मग स्पेक्ट्रोची फाइल वाचायला दिली आणि स्क्रीन “वाचत आहे” वर थांबली ती थांबलीच. पायचा एक कोर शंभर टक्क्यांवर.

भट्टीपासून पंधरा फुटांवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. उष्णता तोंडावर, फेटलिंगच्या (कास्टिंग घासण्याच्या) ग्राइंडरचा आवाज, धड विचारही सुचत नव्हता. पाळीतल्या पोरानं कुठूनसा जुना फॅन आणून माझ्याकडे तोंड करून लावला. त्याचे आभार मानायचे राहिले होते, इथं मानतो.

हीच फाइल विंडोजवर वाचली जाते, माझ्या लॅपटॉपवर वाचली जाते. मग पायवरच का नाही? डीबगरनं थांबवून बघितलं तर प्रोग्रॅम फाइलीच्या शेवटच्या पुढेच फिरत होता. एका ओळीवर नजर गेली. फाइलीतून एकेक अक्षर घेऊन मी ते ‘चार’ (char) नावाच्या, एक अक्षर ठेवणाऱ्या प्रकारात ठेवत होतो आणि उणे एक आलं की फाइल संपली असं धरत होतो. इंटेलवर ‘चार’ हा प्रकार उणे आकडा ठेवू शकतो. आर्मवरच्या लिनक्समध्ये ‘चार’ उणे होतच नाही, तिथं उणे एकचे 255 होतात. 255 कधीच उणे एक नसतं. फाइल कधीच संपत नाही.

कंपायलरला एका पर्यायानं ‘चार’ उणे धरायला सांगता येतं. तसं केलं नाही, कारण मूळ ओळच चुकीची आहे: इंटेलवर ती चालत होती हा योगायोग होता. अक्षर इंट या पूर्णांकाच्या प्रकारात घेतलं, प्रश्न मिटला. आणि सूचनांची पातळी वाढवून परत बांधलं तर जुन्या ओळीबद्दल जीसीसी सांगतच होता, की ही तुलना कायम खरीच ठरते. दोन दिवसांपूर्वी ती पातळी चालू असती तर भट्टीशेजारी बसावं लागलं नसतं. आता तिन्ही कंपायलरांवर कायमची चालू.

पायवर 2.22 आणि 4.07.

25 जानेवारी, शनिवार

मालकांचा मुलगा घरी आला होता, त्याच्याच मॅकवर बांधणी केली. एम1 चा मॅक. लायब्ररी तयार, पण त्याच्या पायथनमध्ये चढेना: फाइल आर्मची आहे, हवी इंटेलची. त्याचं पायथन जुन्या मॅकवरून उचलून आणलेलं, इंटेलचंच, रोझेटावर (इंटेलचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीवर) चालणारं. त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मॅकवर एका फाइलीत दोन्ही प्रोसेसरांचा कोड ठेवता येतो. सीमेकमध्ये दोन नावांची यादी द्यायची, पण ती प्रोजेक्टच्या ओळीच्या आधी. मी नंतर लिहिली होती, म्हणून पहिल्यांदा परिणाम झाला नाही. लिपो या साधनानं बघितलं, दोन्ही आहेत. आकडे बरोबर. परवाची ‘चार’ची चूक इथं दिसलीच नसती, कारण मॅकचा प्रोसेसर आर्मचा असला तरी ॲपलनं ‘चार’ उणे धरणाराच ठेवलाय. एकाच जातीचा प्रोसेसर म्हणून चाचणी टाळायची नाही.

26 जानेवारी

जिलेबी आणली, सुट्टी.

29 जानेवारी, बुधवार

आत्तापर्यंत सगळं हातानं चाललं होतं. आता सीमेकच्या प्रीसेट फाइलीत चार बांधण्या नावानिशी लिहिल्या: विंडोज 32, विंडोज 64, पायचं लिनक्स, मॅक. गिटहब ॲक्शन्स या आपोआप बांधणी करणाऱ्या सेवेवर कोड ढकलला की चारही बांधल्या जातात आणि प्रत्येकीवर तीच हीट चालते. 2.22 आणि 4.07 आलं नाही तर बांधणी नापास.

पायसाठी तिथं खरा पाय नसतो. सीमेकला सांगता येतं की लक्ष्याचा प्रोग्रॅम चालवायचा झाला तर क्यूईएमयू या नकली प्रोसेसरातून चालव. मुद्दाम ‘चार’ची जुनी ओळ परत टाकून बघितली. चाचणी तिथंही अडकली आणि वेळ संपून नापास झाली. आता खात्री वाटते. विंडोजच्या चाचणीतलं फोल्डरही ‘भट्टी हिशेब’ या नावाचंच ठेवलंय.

3 फेब्रुवारी, सोमवार

फाउंड्रीची सुट्टी सोमवारी, म्हणून आजच सगळीकडे नवी आवृत्ती टाकली. दोन गोष्टी नोंदवतो. विंडोजवर एक्सेल उघडं असेल तर डीएलएलवर नवी फाइल टाकताच येत नाही, विंडोज अडवतं. लिनक्स अडवत नाही, आणि तेच जास्त धोक्याचं आहे: चालू प्रोग्रॅम वापरत असलेल्या फाइलीवरच कॉपी केली तर प्रोग्रॅम मध्येच पडू शकतो. तिथं नवी फाइल वेगळ्या नावानं शेजारी ठेवायची आणि मग नाव बदलायचं. जुनी फाइल चालू प्रोग्रॅमकडे तशीच राहते. हे काम करणारी तीन ओळींची स्क्रिप्ट पायवर ठेवली, मास्तरांच्या वहीत मराठीत पायऱ्या लिहून दिल्या.

5 फेब्रुवारी, बुधवार

सकाळच्या पाळीला उभा होतो. दुसऱ्या हीटचं सँपल लॅबला गेलं, फाइल आली, स्क्रीनवर आकडा आला: फेरो सिलिकॉन 1.85 किलो. मास्तरांनी ऑफिसातून फोन करून त्यांच्या शीटवरचा आकडा सांगितला, तोही 1.85. पोरानं काट्यावर फेरो मोजलं आणि भट्टीत टाकलं. पुढच्या सँपलमध्ये सिलिकॉन बसला.

राहिलेलं: कार्ब्युरायझरची रिकव्हरी मास्तर मालाच्या लॉटप्रमाणे बदलतात, ती आत्ता लायब्ररीत ठरीव आहे. ती बाहेरून देता यावी म्हणून एक नवं फंक्शन लागेल. जुन्यांना हात लावायचा नाही. उद्या त्यांच्याशी बसून रांगेतल्या जागा ठरवतो.